श्वासातली लस

वृद्धाश्रमात हिवाळी तापाची लस टोचली, की आठवडाभर ती त्या माणसाच्या श्वासातून जवळ बसणाऱ्यालाही मिळायची. शहरात लस संपली, तसा कुमुदिनीबाईंचा शिरीष कित्येक वर्षांनी उगवला.

“आई, किती वाळलीस गं!” म्हणत तो बिलगला आणि त्यांच्या तोंडाशी नाक नेऊन खोल श्वास घेऊ लागला. बाईंना किळस आली. बापाच्या अंत्यविधीलाही याला सवड नव्हती!

दंडावरची पट्टी पदराने झाकत त्या म्हणाल्या, “मला उद्या टोचणार आहेत रे.”

शिरीष झटकन मागे सरला. “मग उद्याच येतो,” म्हणत त्याने नाकाला रुमाल लावला.

तो जाताच कुमुदिनीबाईंनी खुर्ची उचलली आणि फार अशक्त म्हणून डॉक्टरांनी सुई नाकारलेल्या, शेजारच्या खाटेवरच्या शेवंताबाईंच्या अगदी उशाशी नेऊन ठेवली.

“बोला,” त्या म्हणाल्या, “आज भरपूर गप्पा मारू.”