काठावरचं दूध

समोरच्या खोलीतली शिवणवाली माझी चाळीस वर्षांची मैत्रीण. मी दूध तापवायला ठेवलं, की ती रोज माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसते आणि दूध उतू जात नाही. काठाशी येऊन थांबतं. एवढ्यावरून इमारतीतल्या पाच बायांनी तिला चेटकीण ठरवलं आणि खोली सोडायला सांगितलं.

मी म्हटलं, याचा निकाल माझ्या ओट्यावर लागेल. मी शाळा दुसरीत सोडली, डोकं नाही सोडलं.

ती नसताना दूध तापवून दाखवायचं, म्हणून तिला तिच्या लेकीकडे पाठवायचं ठरवलं, तर ती जाईना. "अगं, म्हणू देत की मला चेटकीण. माझं काय झिजतं? हा हट्ट नको करूस."

"गप. गाडीत बस."

गाडी सुटलेली डोळ्यांनी पाहिली. मग त्या पाचही जणींना ओट्यासमोर उभं केलं, पातेलं भरलं, गॅस मोठा केला. "ती इथे नाही, तरी उतू गेलं नाही, तर गुण या पातेल्याचा. मग तिची माफी मागायची, काय?"

दूध वर आलं. काठाच्याही वर चार बोटं चढलं आणि तिथेच उभं राहिलं. थेंब सांडला नाही. मी गॅस बंद केला, तरी खाली जाईना.

ती इतकी वर्षं कुणाला झाकत होती, ते मला तेव्हा कळलं.

मान ताठ ठेवली. "ती खोली सोडणार नाही. चेटकीण म्हणायचं तर मला म्हणा. तोंडावर."

त्यांतली सगळ्यांत फटकळ पुढे आली. तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. पापणीसुद्धा लवेना.

मी तिला बोट लावलं नव्हतं. नुसतं मनात म्हटलं होतं, थांब.