खिशापर्यंतची शिलाई

“हात लावू नकोस गोधडीला,” नणंद म्हणाली. “आईनं जोडलीये ती. शिवणार मी.”

वहिनीनं दोन्ही हात वर केले आणि मशीनपासून चांगली दोन पावलं मागे सरकली. शिवणकाम हा तिचा धंदा. भिंतीशी लोकांच्या चार गोधड्या शिवून, घड्या घालून ठेवलेल्या होत्या. पण सासूच्या मशीनवर सासूची लेक बसली, तर तिला ऊठ कसं म्हणणार? वहिनीच्या नवऱ्याला तेवढ्यात बाहेर कसलंसं काम आठवलं. बायको आणि बहीण एका खोलीत आल्या की त्याला हटकून काम आठवायचं.

गोधडी म्हणजे अजून नुसते तीन थर होते. वर सासूनं आपल्या नवऱ्याच्या जुन्या शर्टांचे तुकडे जोडून केलेलं कापड, मध्ये कापूस, खाली अस्तर. जाण्याआधी तिच्या हातून एवढंच झालं होतं. शर्ट धुऊन धुऊन इतके विरलेले की उजेडात धरले तर पलीकडचं दिसावं. मधोमध एका तुकड्यावर खिसा तसाच ठेवलेला, शाईच्या डागासकट. नणंदेनं त्यात दोन बोटं घातली, जरा वेळ ठेवली. वहिनी बघतेय हे लक्षात आल्यावर झटकन काढली.

“वॉकिंग फूट लावा,” वहिनी म्हणाली. “मशीनच्या साध्या पायानं खालचं कापड पुढे जातं आणि वरचं मागे राहतं. चुण्या पडतील. आणि हे विरलेलं आहे, एकदा शिवलं की उसवता यायचं नाही.”

“माहितीये. आईनं तुझ्याआधी मला शिकवलंय.”

“वॉकिंग फूट मी आणलाय. त्यांच्या वेळी नव्हता.”

“वहिनी, दोन वर्षं तू आईला माझ्यापासून तोडलंस. आता तिची ही एक वस्तू तरी माझ्या हातानं होऊ दे. एक शब्द बोलू नकोस.”

“तोडलं? दोन वर्षं आंघोळ घातली मी त्यांना. तुम्ही रविवारी फोन करायचात.” भांडतानाही वहिनी अहो-जाहो सोडायची नाही, त्यामुळे तिचं बोलणं जास्तच झोंबायचं.

“एक शब्द नको म्हटलं ना!”

“बरं.”

नणंदेनं साधा पाय काढला, तो जाडजूड वॉकिंग फूट बसवला आणि स्क्रू आवळला. त्याला बाजूला एक बेचकं असतं. ते सुई धरणाऱ्या स्क्रूवर चढवायचं. सुई वरखाली झाली की तेच पायाला उचलतं आणि वरचं कापड पुढे सरकतं. बेचकं स्क्रूच्या मागे लटकत राहिलं. नणंदेला पत्ताच नाही.

वहिनीला दिसलं. अर्धं आयुष्य मशीनवर गेलेलं, न दिसायला काय झालं? तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग हाताची घडी घातली. मोठी आली शिकलेली! शिव म्हणावं.

मशीन सुरू झालं. नीट बसवलेला वॉकिंग फूट टकटक करत चालतो. हा नुसता कापड दाबून बसला होता. नणंद कडेपासून सरळ रेघ मारत निघाली. पुढ्यात कापड फुगायला लागलं, ते तिनं तळहातानं चेपलं आणि पुढे रेटलं. खिसा चार बोटं राहिला होता. तीन बोटं. आता तरी सांगावं असं वहिनीला वाटलं. पण खरं सांगायचं तर तिला आतून बरं वाटत होतं.

सुई खिशावरून गेली. फुगलेलं कापड दुमडलं आणि त्या घडीसकट खिशाचं तोंड शिवलं गेलं.

नणंदेनं मशीन थांबवलं. खिसा चाचपला. बोटं आत जाईनात. तिनं कात्रीच्या टोकानं टाका उचलला आणि ओढला. शर्ट चर्रकन फाटला, शाईच्या डागाच्या बरोबर मधून.

“तुला दिसत होतं.” ती वळून म्हणाली. “तू उभी राहून बघत होतीस, वहिनी.”

“तुम्हीच म्हणालात, एक शब्द नको.”

हे उत्तर वहिनीनं मघापासून तयार ठेवलं होतं. बोलून झालं आणि तिचं तिलाच नको झालं. तो खिशाचा तुकडा सासू जोडत होती, तेव्हा दर वेळी सुईत दोरा ओवून हिनंच दिला होता.

ती पुढे झाली. हात लावू नकोस, असं या वेळी कुणी म्हणालं नाही. तिनं एका बोटानं बेचकं उचललं आणि स्क्रूवर ठेवलं.

“एवढंच होतं?” नणंदेनं विचारलं.

“एवढंच.”