अर्धा गुण

जुनी कॉमिक्स मी ऑनलाइन विकतो. प्रत्येक अंक भिंगाखाली तपासून दहापैकी गुण देतो, आणि वीस वर्षांत माझ्या गुणांवर कुणी बोट ठेवलेलं नाही. एक नेब्रास्काचे मिस्टर हॅलोरन सोडून.

त्यांना अंक पोचला की रविवारी, मी चर्चमधून घरी येतो न येतो तोच फोन वाजायचा.

"ब्रदर ल्युशस, आठ लिहिलेत ना? साडेसात आहे हा. कोपरा दुमडलाय."

"परत पाठवा. पैसे देतो तुमचे."

"राहू द्या आता. पण तेवढा चष्मा बदला." मग विचारायचे, "आज प्रवचनाचा शेवट कसा गायला हो तुमच्या पाद्रींनी?"

आमच्या चर्चमध्ये पाद्री प्रवचनाचा शेवट गाऊनच करतात; त्यातल्या दोन ओळी मी गाऊन दाखवायचो. ते शेवटपर्यंत ऐकायचे.

चष्मा मी खरंच बदलला. एकेक कोपरा तीनतीनदा पाहू लागलो. तरी रविवारी अर्धा गुण कमीच. आपली नजर गेली, आता दुकान बंद करावं, इथपर्यंत मी आलो होतो.

मार्चमध्ये त्यांच्या भाचीचा फोन आला. मामा गेले होते. "सगळी कॉमिक्स विकायचीत. गुण मात्र तुम्हीच द्यायचे, असं लिहून ठेवलंय त्यांनी."

खोकं आलं. भिंग पुसून घेतलं आणि खोकं उघडलं.



आत मीच पाठवलेली त्रेसष्ट पाकिटं होती, आणि एकाचीही चिकटपट्टी निघालेली नव्हती.