भरली बादली

चौथ्यांदा दिवस गेलेल्या सुनेची इंजेक्शनं सासूने पिठाच्या डब्यात दडवली होती. तीन गर्भ गळालेल्या पोरीला रक्त पातळ करायचं औषध? डॉक्टरची अक्कलच चरायला गेलेली! घरभर शोधून सून रडकुंडीला आली. “आई, आजची वेळ टळतेय! माझ्या अंगातले रोगाशी लढणारे पहारेकरीच घरच्याला चोर समजतात, मग बाळाला पोसणाऱ्या वारेत रक्ताच्या गुठळ्या होऊन बाळ उपाशी मरतं.” सासू चक्रावली. “म्हणजे जड उचलल्यानं नाही?” “नाही हो!” तरुणपणी सासूचेही दोन गर्भ गेले होते. जावेने भरली बादली उचलायला लावली म्हणून गेले, असं धरून ती जावेशी चाळीस वर्षं बोलली नव्हती. डब्यातून पिठाने माखलेलं पाकीट काढून तिने सुनेपुढे धरलं. पोटावरच्या आधीच्या सुयांच्या निळ्या डागांमधून सून टोचायला जागा शोधू लागली. सासू पुटपुटली, “आता जाऊबाईला कुठल्या तोंडाने हाक मारू?”