हुरूप

शाळेने नववीच्या वर्गाला आठवडाभर हृदयाचे ठोके आणि चालण्याची वाट टिपणारी घड्याळं दिली होती. आज खेळाच्या मॅडमनी एका मुलीला पुढे उभं करून तिचा तक्ता फळ्यावर लावला. “बघा, मैदानावर ही गोगलगाय! पण घरी जाताना गोदामाची भिंत आली की ठोके एकशे ऐंशी, वाऱ्यासारखी पळते! कुठून येतो गं एवढा हुरूप?” वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या भिंतीपाशी रोज एक मोटरसायकल सावकाश तिच्या मागे यायची. घरी कळलं तर शाळाच बंद होईल, म्हणून तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. “उद्यापासून तिथेच दोन फेऱ्या मार,” म्हणत मॅडमनी कौतुकाने तिचं मनगट धरलं. ते बर्फासारखं गार होतं. घड्याळावर आकडा चढत होता: एकशे साठ, एकशे सत्तर. “अगं,” मॅडमचा आवाज उतरला, “तू तर नुसती उभी आहेस.”