आतली हवा

नानांच्या जुन्या मित्राच्या, सदानंदाच्या पत्राला दोन वर्षं झाली. ‘माझं काही चुकलं का रे?’ एवढंच त्यात होतं. चुकलं काहीच नव्हतं, पण नानांना आपलं कुठलंच उत्तर धड वाटेना. शेवटी लिहिलेल्या उत्तराचं पाकीट, तिकीट लावूनही, महिनाभर कोटाच्या खिशात पडून होतं.

थंडीत घाट उतरताना गाडीच्या काचा आतून धुरकटल्या. गाडी चालवणारी सून फडक्यानं पुसून पुसून दमली. नानाही पेंगुळले होते. गाडीचं माहितीपुस्तक त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं. आतलीच हवा फिरवणारं बटण तासभर चालू आहे, त्यानंच काचा धुरकटताहेत, हे त्यांना दिसत होतं. पण आपणच चुकत असलो तर?

वळणावर ट्रक समोर आला, तिनं करकचून ब्रेक दाबला, तेव्हा कुठे नाना पुटपुटले, “केतकी, ते वळलेल्या बाणाचं बटण बंद कर. बाहेरची हवा येऊ दे.”

काचा हळूहळू निवळल्या.

“नाना, ठाऊक होतं तर आधी का नाही बोललात? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?”

नाना ओशाळले. पायथ्याच्या गावात पोस्टाची पेटी दिसली. “जरा थांबव गं,” म्हणत ते उतरले आणि उत्तर पुन्हा न वाचता त्यांनी पाकीट पेटीत टाकलं.