आणखी एक ठिकाण

बाळ अजून अंगावर पीत होतं, त्यामुळे सोबत गाइड बाईच हवी, असं ऋतुजाने नाशिकहून गाडी ठरवतानाच बजावलं होतं. हिरा आली ती हसतच. निसरड्या वाटेवर तिने बाळाला असं काही कडेवर धरलं, की धबधब्याच्या आवाजालाही ते घाबरलं नाही.

त्र्यंबकला दर्शन झाल्यावर हिरा हळूच म्हणाली, “ताई, आता माघारी फिरायचं का? पुढं काय लय बघण्यासारखं नाय.”

“सकाळी तर वारली चित्रांच्या घराचं एवढं कौतुक करत होतीस,” ऋतुजा म्हणाली. “कंटाळलीस होय? बुकिंग पूर्ण दिवसाचं आहे हं.”

“कंटाळा कशाचा, ताई. चला.”

चित्रं बघून झाली, अंगणात बसून नाचणीची भाकरी खाऊन झाली, फोटो तर किती काढले. परतताना गाडीत बाळ भुकेने रडायला लागलं, तसं ऋतुजाने त्याला पदराखाली घेतलं. शेजारी हिरा खिडकीकडे तोंड करून, हातांची घडी घट्ट आवळून बसली होती. तिचं पोलकं पुढून ओलं झालेलं ऋतुजाला दिसलं.

“अगं, धबधब्यावर भिजलीस ती अजून तशीच? घे, माझा टॉवेल घे.”



“पाणी नाय ते, ताई,” चोरी पकडली गेल्यासारखी हिरा मान खाली घालून म्हणाली. “बाळ रडलं ना, म्हणून पान्हा फुटला. माझी बी पोर अंगावरच पिते, सकाळपासनं घरी हाय.”